विनामूल्य वकिली कुठे करावी: पॅनेल, न्याय बंधु, जेल अपील की तुरुंगातलं विधी सहाय्य केंद्र?

दहा-बारा वर्षं कोर्टात काढलेल्या वकिलाला महिन्यातले दोन-तीन दिवस फी न घेता द्यायचे असतील, तर महाराष्ट्रात ठळक चार वाटा आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं पॅनेल, केंद्राच्या न्याय विभागाचं न्याय बंधु, उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून येणारी जेल अपिलं (शिक्षा झालेल्या कैद्याने तुरुंगातून केलेली अपिलं) आणि तुरुंगातलं विधी सहाय्य केंद्र. लोकअभिरक्षकाचं, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या आरोपींच्या बचाव वकिलाचं पद या यादीत धरलेलं नाही. मुख्य लोकअभिरक्षकाला दहा वर्षांची फौजदारी वकिली आणि सत्र न्यायालयातले किमान 30 खटले लागतात, ते अनेकांकडे असतात. पण ते काम पूर्णवेळ आहे आणि खासगी वकिली बंद ठेवावी लागते.

पॅनेलचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे: तीन वर्षांची वकिली, तीन वर्षांची मुदत, प्राधिकरणाकडून बेताचं मानधन आणि पक्षकाराकडून एक पैसाही नाही. बदललं आहे ते कामाचं स्वरूप. 2022 नंतर जिथे लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली, तिथे आरोपींचं बरंचसं काम तिकडे गेलं. पॅनेलकडे उरतात पीडितांची बाजू, पोटगी, कौटुंबिक हिंसा, मोटार अपघात आणि दिवाणी दावे. दिवाणी किंवा कौटुंबिक वकिली करणाऱ्याला आजही पॅनेलच बरं, असं मला वाटतं. मोफत विधी सहाय्याला कोण पात्र हे ठरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली महिलांना उत्पन्नाची अट नाही आणि कोर्ट फी, नकला, प्रोसेस फी यांचा भार प्राधिकरण उचलतं.

फौजदारीवाल्याचं मात्र पॅनेलवर एकाच गोष्टीपाशी अडतं: कागद. नेमणूकपत्र येतं, त्यावर पक्षकाराचं नाव आणि केस नंबर असतो, पुढची तारीख चार दिवसांवर असते. चार्जशीटची प्रत आरोपीला मिळालेली असते, पण ती त्याने आधीच्या वकिलाला दिली, वकिलाने ऑफिसात ठेवली आणि मग पक्षकार त्याच्याकडे फिरकला नाही. आता आधीच्या वकिलाची ना हरकत घ्या, नवं वकीलपत्र लावा, नकलेचा अर्ज करा. अर्ज केला तर फाइल बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत असल्याने नक्कल विभागात जात नाही, आणि तारीख झाली की न्यायाधीशांच्या टेबलावर राहते. तोवर साक्षीदार हजर होतो. मुदत मागावी तर खटला लांबतो आणि आरोपी आत असेल तर त्याची कोठडी लांबते. न मागावी तर उलटतपास अंदाजाने घ्यावा लागतो. अनोखीलाल प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात विधी सहाय्याचा वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला हवा आणि तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळायला हवेत. ते सात दिवस कागद हातात पडल्यापासून मोजले तरच कामाचे, म्हणून नेमणूकपत्रासोबत चार्जशीटची प्रत लेखी मागून घ्यावी. माझ्या पाहण्यात पॅनेल सोडणारे वकील मानधनाला कंटाळून कमी आणि या शोधाशोधीला कंटाळून जास्त सोडतात.

न्याय बंधु 2017 पासून आहे. अॅपवर सनद क्रमांक आणि विषय भरून नोंदणी करायची, मग कलम 12 खाली पात्र असलेला अर्जदार तुमच्याशी जोडला जातो. मानधन नाही, पण नेमणूकपत्राची वाट पाहणंही नाही. सल्ला, नोटिशीचं उत्तर, अर्जाचा मसुदा अशा कामांना हे उत्तम आहे, आणि ज्याला घरून संध्याकाळी दोन तास द्यायचे आहेत त्याने इथूनच सुरुवात करावी. प्रकरण कोर्टात उभं करायचं झालं की कागद जमवणं अर्थातच वकील आणि पक्षकार यांच्यावर येतं. पक्षकार मोबाइलवर फोटो पाठवतो, त्यात शिक्का असतो तर तारीख कापलेली असते, आदेशाचं पहिलं पान असतं तर शेवटचं नसतं. पुरुष पक्षकाराची पात्रता केवळ उत्पन्नावर ठरत असेल तर तीन लाखांच्या आतला दाखला तहसीलमधून काढावा लागतो. अशा वेळी पक्षकाराला प्राधिकरणाकडेही अर्ज करायला सांगावं, म्हणजे निदान नकलांचा खर्च त्याच्या अंगावर येत नाही.

जेल अपिलात कागदांची तक्रार जवळजवळ उरत नाही. पेपरबुक तयार येतं, साक्षी, पंचनामे, निकाल सगळं एका गठ्ठ्यात. वाचनाची आवड असलेल्या वकिलाला याहून समाधानाचं काम मिळणं अवघड. उणीव एकच: ज्याच्यासाठी भांडायचं तो माणूस दूरच्या मध्यवर्ती कारागृहात असतो. त्याच्याशी व्हिडिओवर तरी एकदा बोलल्याशिवाय युक्तिवादाला उभं राहू नये. पंच ओळखीचा होता, साक्षीदाराशी जुना वाद होता, अशा गोष्टी पेपरबुकात सापडतीलच असं नाही.

आणि तुरुंगातलं केंद्र. इथे कौतुक करताना माझा हात थोडा सैल सुटेल, हे मान्य. कोठडीतली व्यक्ती कलम 12 खाली आपोआप पात्र ठरते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि माणूस आत आहे म्हणजे त्याचं वॉरंट तुरुंगाच्या कार्यालयात आहेच. त्या एका कागदावर गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, कोर्ट आणि पुढच्या तारखांच्या नोंदी असतात. तो नंबर आणि पोलीस ठाणं ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर टाकलं की केसची स्थिती समोर येते. पॅनेलवर जे कळायला दोन आठवडे जातात, ते इथे एका टेबलावर अर्ध्या तासात कळतं.

त्यावरून पहिला हिशोब करायचा तो मुदतीत चार्जशीट न आल्यास मिळणाऱ्या जामिनाचा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवस, बाकी गुन्ह्यांत 60. पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, हे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. अर्ज चार्जशीटच्या आधी पडला पाहिजे, नंतर हक्क राहत नाही. गरीब आरोपी हा जामीन गमावतो तो बहुधा याचमुळे, कारण बाहेर कोणी दिवस मोजत नसतं. म्हणून केंद्रात बसणाऱ्याने 50 दिवस उलटलेल्या आणि 80 दिवस उलटलेल्या बंद्यांची यादी प्रत्येक भेटीत मागावी.

दुसरा हिशोब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 479 चा. कमाल शिक्षेच्या अर्ध्या मुदतीइतकी कोठडी झाली की जामीन, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. चूक होते ती दुसरी केस न विचारल्याने. एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असतील तर 479(2) आड येतं. शिवाय दुसऱ्या केसमध्ये आरोपी वर्गच करून घेतला नसेल, म्हणजे त्या केसमध्येही त्याची कोठडी दाखवलेली नसेल, तर आतले दिवस त्या केसमध्ये मोजले जात नाहीत. बंद्याला वाटतं आपण दोन्हीत आत आहोत. आधी ते वर्ग करून घ्यावं, मग जामिनाचं बोलावं.

तिसरं, मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम: जामीन मंजूर, पण माणूस आतच. जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही, नातेवाईक परराज्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांप्रमाणे सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिन्यात बंधपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. वाट न पाहता जामीन देणाऱ्या कोर्टातच अर्ज टाकावा: जामीनदाराऐवजी जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र), किंवा काही आठवडे तात्पुरता रोख जामीन आणि तोवर जामीनदार आणण्याची मुभा. अर्जाला विधी स्वयंसेवकाने केलेला घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडावा, नुसत्या ‘आरोपी गरीब आहे’ या वाक्याने काम होत नाही. रक्कमच अडत असेल तर 2023 मध्ये आखलेल्या गरीब कैद्यांच्या योजनेत कच्च्या कैद्याला 40 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची प्रकरणं तिच्यातून वगळलेली होती.

या वाटेचे काटेही खरे आहेत. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून ई-कोर्ट्स पाहण्याची सोय आतल्या संगणकावर आहे का, हे आधीच विचारावं. झडती किंवा टोळी बंद होण्याच्या (बंद्यांना बराकीत बंद करण्याच्या) वेळेत गेलात तर अर्धा दिवस गेटवरच जातो. बाहेर नातेवाईक पैसे पुढे करतात, ते नाकारावेच लागतात, चहाच्या नावाखालीही नाहीत. आणि सगळ्यात मोठं: केंद्रात बसणारा वकील कोर्टात उभा राहीलच असं नाही. बंदी सगळं तुम्हाला सांगतो आणि कोर्टात दुसराच कोणी ‘सूचना नाहीत’ म्हणतो.

यावर उपाय आहे. नाव देतानाच सचिवांना लेखी विनंती करावी की भेटीत निघालेल्या जामीन आणि अट शिथिलीकरणाच्या अर्जांत नेमणूकही आपल्यालाच मिळावी, किंवा लोकअभिरक्षक कार्यालयातल्या एका ठरावीक सहकाऱ्याशी जोडून द्यावं. सोबत एक पानाचा तक्ता ठेवावा: नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, पहिल्या रिमांडची तारीख, इतर केसेस, जामिनाची स्थिती. त्याची प्रत सचिवांकडे आणि अधीक्षकांकडे दिली की जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीत ती नावं येण्याची शक्यता बरीच वाढते.

तुमची वकिली दिवाणी असेल तर पॅनेल, वेळ तुटक असेल तर न्याय बंधु, वाचनाची बैठक असेल तर जेल अपील, यात माझं काही म्हणणं नाही. फौजदारी येत असेल आणि आठवड्यातली एक सकाळ ठरवून देता येत असेल, तर तुरुंगातल्या केंद्रासाठी अर्ज करा आणि पहिल्याच भेटीत जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची यादी मागा.