१० महिने, १६ हजार किलोमीटर: बंद पडणाऱ्या नव्या गाडीचा अनुभव

१६० सीसीची ही मोटारसायकल मी २०२४च्या दसऱ्याला घेतली. रोजचा प्रवास वाई ते शिरवळ एमआयडीसी, जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. आज मीटरवर १६,२०० आहेत. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण मला आलेल्या अडचणी इंजेक्शनच्या (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) कुठल्याही गाडीला येऊ शकतात. त्या सापडायला मला आठ महिने लागले. तुम्हाला इतके लागू नयेत, म्हणून हे सविस्तर.

आधीची गाडी २०१४ची, कार्बोरेटरवाली. चोक ओढायचा, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, कमी झालं तर स्क्रू पिळायचा, एवढ्यावर तिचं भागायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. पेट्रोल किती सोडायचं हे आता ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. माझ्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या होत्या, आणि पहिल्या त्रासाचं मूळ त्यातच निघालं.

दिवाळीनंतर गाडी सोमवारी बिघडायला लागली. आयडलिंग १४०० वरून ९००-१००० वर यायचं, क्लच दाबून थांबलो की इंजिन फडफडून बंद. पुन्हा चालू करायला अर्धी रेस द्यावी लागायची आणि पेट्रोलचा वास यायचा. मंगळवारी दुपारपर्यंत सगळं सुरळीत. सर्व्हिस सेंटरला नेईपर्यंत गाडी ठणठणीत असायची. पहिल्यांदा ‘नवीन इंजिन आहे, सेट होईल’ असं सांगितलं. दुसऱ्यांदा प्लग बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनाला हवा सोडणारा भाग) साफ केली. तिसऱ्यांदा दोष पेट्रोलवर गेला. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्याने अ‍ॅव्हरेज थोडं घटतं हे मला मान्य आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं हेही खरं. पण टाकीतलं पेट्रोल खराब असेल तर त्रास ते संपेपर्यंत टिकायला हवा. मंगळवारी दुपारी तो का थांबतो, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मीटरवरचा इंजिनाचा दिवा एकदाही पेटला नाही, स्कॅनरवर बिघाडाचा कोड नाही, म्हणून ‘गाडीत दोष नाही’ असा शेरा मिळाला.

फेब्रुवारीत त्यांनी टाकी उतरवून तिच्यातला पेट्रोल ढकलणारा पंप तपासला. प्रेशर बरोबर निघालं, टाकी परत बसवली. आणि सोमवारचा त्रास खरोखर गेला! मी पेढे घेऊन जायच्या बेतात होतो.

मार्चमध्ये दुसरी पाळी लागली. रात्री बाराला सुटून घरी येताना खंबाटकीच्या चढावर गाडीने आचके दिले. रेस पिळावी तसा जोर कमी होत गेला आणि मधल्या वळणावर बंद. मागून भरलेले ट्रक, कठडा हाताच्या अंतरावर, अंधार. पाच मिनिटं ढकलून बाजूला घेतली. थोडी थांबून चालू झाली, पुढे किलोमीटरभरात पुन्हा तेच. त्या महिन्यात हे चार वेळा झालं. बायको मी घरी पोचेपर्यंत जागी राहायला लागली. नव्या गाडीचे हप्ते भरायचे आणि रात्री जुन्या गाडीने जायचं, असे दोन आठवडे काढले.

शेवटी वाईतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते इंजेक्शनच्या गाडीला सहसा हात लावत नाहीत. त्यांनी पाना उचललाच नाही, फक्त विचारलं, “झटक्यात मेली का आचके देऊन मेली?”

“आचके देऊन, काका.”

“टाकी केवढी भरलेली होती?”

मला सांगता येईना. त्यांनी वही घालायला लावली: टाकी कधी भरली, किती भरली, बंद पडली तेव्हा किती वाजले, थंडी की ऊन, चढ की सपाट. तीन आठवड्यांत वहीतून दोन गोष्टी दिसल्या. गाडी फक्त दुसऱ्या पाळीत बंद पडते, आणि तीही टाकी भरली त्याच रात्री. पुढच्या वेळी घाटात आचके आल्याबरोबर बाजूला थांबून टाकीचं झाकण उघडायला त्यांनी सांगितलं. उघडलं तर ‘स्सSS’ करून हवा आत खेचली गेली. झाकण लावलं, स्टार्टर दाबला, गाडी पहिल्या झटक्याला चालू होऊन घर गाठेपर्यंत नीट चालली.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं. दुसरं पाडलं की सरळ धार लागते. टाकीचं ते दुसरं भोक म्हणजे हवेची नळी. फेब्रुवारीत टाकी बसवताना ती टाकी आणि चॅसीच्या मध्ये चेपली होती. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा थोडी, त्यामुळे थोडं पेट्रोल खर्च झालं तरी पोकळी पटकन तयार व्हायची. दुपारच्या उन्हात भरलेलं पेट्रोल रात्री घाटात गार व्हायचं, वाफ आकसायची, पोकळी आणखी वाढायची आणि पंपाला पेट्रोल ओढवेना. यातलं काही सेन्सरला थेट कळत नाही, बहुधा म्हणूनच कोड येत नव्हता.

नळी सरळ केली आणि पुढच्याच सोमवारी जुना त्रास परत आला! तेव्हा सगळं उलगडलं. बीएस-६ गाडीत ही नळी कोळशाच्या डब्याकडे, म्हणजे कॅनिस्टरकडे जाते. टाकीतली वाफ तिथे शोषली जाते आणि इंजिन ती नंतर ओढून जाळतं. मी दर सोमवारी पंपावर ‘काठोकाठ भर’ म्हणायचो, गाडी हलवून आणखी घालायला लावायचो. वाफेच्या वाटेने पेट्रोलच डब्यात उतरायचं, इंजिनाला ते जास्तीचं मिळायचं आणि आयडलिंग कोसळायचं. नळी चेपलेली असताना पेट्रोल डब्यापर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून तो त्रास गेल्यासारखा वाटला. आता नोझल पहिल्यांदा कट झालं की भरणं थांबवतो. मेपासून सोमवार बिनघोर आहेत.

जूनमध्ये पाऊस लागला आणि तिसराच प्रकार झाला. बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या उतारावर खड्ड्यात चाक आदळलं आणि इंजिन चावी फिरवल्यासारखं बंद. या वेळी ‘झटक्यात’ हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. झटक्यात म्हणजे वायरिंग नाहीतर स्विच. साइडस्टँड वर असूनही मीटरवर त्याचा दिवा लुकलुकत होता. गियरमध्ये असताना स्टँड खाली आहे असं वाटलं की इंजिन बंद व्हावं, अशी या गाडीत सोय आहे. त्या स्विचमध्ये चिखल गेला होता. वॉरंटीत स्विच बदलून मिळाला. आता पावसाळ्यात गाडी धुताना तिथे आधी पाणी मारतो.

सर्व्हिस सेंटरबद्दल एकच सांगतो. जॉबकार्डवर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढंच लिहू देऊ नका. ‘टाकी भरल्यावर, रात्री, चढावर, आचके देऊन बंद’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत जपून ठेवा. वारंवार जाऊनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, तेव्हा हेच कागद लागतात. माझ्यावर ती वेळ आली नाही. नळीची चूक त्यांनी मान्य केली आणि दोन सर्व्हिसची मजुरी सोडली.

बाकी गाडी मला मनापासून आवडते. अ‍ॅव्हरेज ४६-४८, ब्रेक खात्रीचे, घाटात तिसऱ्या गियरवर डबलसीट आरामात चढते. सीट तासाभरानंतर टोचते, हेडलाइट धुक्यात कमी पडतो. सकाळी चावी लावल्यावर पंपाची घरघर थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबून स्टार्टर दाबला तर एका दमात चालू होते. गेल्या आठवड्यात पुन्हा दुसरी पाळी होती. सोमवारी टाकी भरली, पाचही रात्री घाट चढलो, गाडी एकदाही अडखळली नाही. थंड इंजिनातून टॅपेटचा बारीक आवाज मात्र यायला लागलाय. तो पुढच्या सर्व्हिसला दाखवायचा आहे, वहीत लिहून ठेवलाय.