‘ग्लोबल वर्कप्लेस’वाला सर्टिफिकेट कोर्स : अडीच स्टार, तेही पाचव्या रविवारमुळे

नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या कॉलेजनेच फायनल इयरला हा कोर्स लावला होता, वेगवेगळ्या देशांच्या, संस्कृतींच्या लोकांबरोबर काम कसं करायचं (म्हणजे मल्टिकल्चरल) यावर, आठ रविवार, फी साडेसहा हजार. नाव लिहीत नाही, अजून ट्रान्सक्रिप्ट घ्यायचंय तिथून. आता अंबडला नोकरीला दीड वर्ष झालं, अर्धी टीम जर्मनीत बसते, म्हणून म्हटलं आता खरं काय ते लिहावं. तेव्हा फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी एक्सलंटच टिक केलं होतं (सर डोक्यावर उभे होते).

पहिले तीन रविवार हस्तांदोलन, टाय, काटा-चमचा. एका हॉटेलात नेऊन पनीर काट्याने खायला लावलं, त्याचे वरून चारशे. परवा जर्मन साहेब आलेला तो कॅन्टीनमधे मस्त हाताने चपाती तोडत होता.

चौथ्या रविवारी हॉफस्टेड, तो डच संशोधक. पॉवर डिस्टन्स, म्हणजे वरच्याचं वरचेपण आपण किती मुकाट्याने मानतो, भारत 77, जर्मनी 35. पाठ केलं, एमसीक्यूत आलं, मार्क मिळाले. मूळ सर्व्हे आयबीएमच्याच कर्मचाऱ्यांचा आणि 1967 ते 73 मधला, हे मला नंतर वाचून कळलं. बरं ते जाऊ दे, पण त्या 77 चं करायचं काय हे कोणी सांगितलंच नाही. पहिल्याच महिन्यात एका ड्रॉइंगमधला टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) मला खटकत होता, पण साहेबांनी सही केलेली, मी कोण बोलणारी. कॉलवर तिकडच्या बाईने दोनदा विचारलं काही शंका आहे का, आम्ही सगळे नो नो. पार्ट रिजेक्ट झाल्यावर ती म्हणाली, दिसलं होतं तर बोलली का नाहीस. तिला खरंच कळत नव्हतं, रागावली पण नव्हती.

पाचवा रविवार मात्र पैसा वसूल. प्लांटमधून रिटायर झालेले एक सर आले, पीपीटी नाही काही नाही, खोटा खोटा कॉल करायला लावला आणि ‘होऊन जाईल सर’ म्हणायला बंदी. कधी होणार, कोण करणार, अडलं तर कोणाला सांगणार, एवढंच बोलायचं. आणि समोरच्याने सांगितलेलं आपल्या शब्दात त्यालाच परत सांगायचं. हे मी आजही रोज करते. असे आठही रविवार का नाही ठेवले देव जाणे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळ एक तास मागे जातं हेही शिकवलं नाही. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दीड, ते अडीच होतात. मी इन्व्हाइट न बघता जेवण सोडून दीडला एकटीच कॉलवर बसले होते 😅

आणि मल्टिकल्चरल म्हणजे फक्त गोरेच का? आमच्या लाइनवर ओडिशा-बिहारची पोरं, क्वालिटीला तमिळ मॅडम. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते आणि त्या पोरांना तेव्हा घरी जायचं असतं, हे प्लॅनिंगवाल्यांना दर वर्षी नव्याने कळतं आणि मग शिफ्टवरून भांडणं. कोर्समधे यावर अर्धा तास पण नाही.

करायचाच असेल तर आधी ऑफिसात विचारा ते रिटायर सर येणार आहेत का. सर्टिफिकेटसाठी मला चार महिने फोन करावे लागले, आणि नावात स्पेलिंग चुकलेलं मिळालं.