गोदाकाठचा टोपो नकाशा: उतार दिसतो, पूर दिसत नाही

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा टोपो नकाशा, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, संकेतस्थळावरून उतरवला आणि मोठ्या कागदावर रंगीत छापून घेतला. आमची द्राक्षबाग नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या अंगाला आहे, त्यामुळे मी आधी पाणीच शोधलं. धरणाची निळाई, तिला मिळणारे ओहोळ, तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सपाट रान. दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पाऊस पडल्यावर कोणत्या टेकडीचं पाणी कोणत्या ओढ्याला जाणार, हे बोटानं दाखवता येतं. शहर याच बाजूला सरकतंय. प्लॉट घेणाऱ्यानं दलालाचा रंगीत कागद बघण्याआधी हा बघावा, असं मला मनापासून वाटतं.

पण यावरून पुराचा अंदाज बांधू नका. लागोपाठच्या दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटरचा. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी मोजतात; तिच्या कमरेला पाणी लागलं की अख्खं नाशिक सावध होतं, आणि ती उंची या दोन रेषांच्या मधेच हरवते. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणारी निळी-लाल पूररेषा जलसंपदा विभागाच्या नकाशावरच पाहा.

आणखी एक अडचण. २० अंश अक्षांश नाशिकमधूनच जातो, तिथेच नकाशाची कड येते. त्र्यंबकपासून पंचवटीपर्यंतची गोदावरी सलग हवी असेल तर शेजारचे नकाशेही घ्या आणि कडा कापून जोडा. छपाई जाड, चकाकी नसलेल्या कागदावर करा. साध्या कागदावर समोच्च रेषा एकमेकींत मिसळतात.