जपानी टायपिंगसाठी विंडोजचा फुकट आयएमई पुरतो का?

जपानी टाइप करायला वेगळा कीबोर्ड घ्यावा लागतो का, असं भाषा शिकणारे हमखास विचारतात. नाही लागत. समोर आहे तो इंग्रजी कीबोर्ड चालतो. लागतो तो आयएमई, म्हणजे रोमन अक्षरांचं आधी हिरागाना (उच्चाराप्रमाणे लिहायची जपानी अक्षरं) आणि मग कांजी (चिनीतून आलेली चिन्हं) करून देणारा प्रोग्राम. मी घरी बसून जपानीतून भाषांतराची कामं करते, त्यामुळे अख्खा दिवस माझी त्याच्याशीच गाठ असते. विंडोजसोबत फुकट मिळणाऱ्या मायक्रोसॉफ्ट आयएमईबद्दल माझं मत एका वाक्यात सांगायचं तर प्रोग्राम उत्तम, सेटिंग्ज मात्र बसवल्याबसवल्या बदलून घ्या.

बसवायला फार वेळ लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथे भाषा, 'अ‍ॅड अ लँग्वेज' आणि यादीतून जपानी. वाटेत डिस्प्लेची भाषा बदलण्याची चौकट दिसते, तिच्यावर खूण असेल तर काढा, नाहीतर सगळे मेनू जपानीत वाचत बसाल. नंतर विंडोज की धरून स्पेस दाबला की भाषा बदलते. भाषा बदलली तरी अक्षरं इंग्रजीच उमटतात, आणि नवखे इथेच वैतागतात. टास्कबारवर इंग्रजी 'ए' दिसतोय तोवर असंच होणार. ऑल्ट धरून 1 च्या डावीकडची की दाबा. 'ए' जाऊन हिरागानातला 'आ' आला की सुरुवात करा. मी हेच काम कंट्रोल-स्पेसला देऊन टाकलंय. आयएमईच्या सेटिंग्जमध्ये तशी सोय आहे आणि बोटांना ते फार सोपं जातं.

शिफ्ट-2 दाबल्यावर ईमेलमधला 'अ‍ॅट' न येता अवतरणचिन्ह आलं, तर विंडोज तुमचा कीबोर्ड जपानी, म्हणजे 106/109 कीचा, समजतेय. जपानीच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन तो 101/102 करा आणि मशीन रीस्टार्ट करा. एवढी गरजेची गोष्ट इतकी आत का दडवलीय, देव जाणे.

आता खऱ्या टायपिंगकडे. आपल्याला रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय असते, त्यामुळे पहिला टप्पा अंगवळणी पडलेलाच असतो. फक्त 'न'कडे लक्ष द्यायचं. सुटा 'न' आपल्या अनुस्वारासारखा, त्याला दोन एन लागतात. म्हणून 'कोन्निचिवा' लिहिताना लागोपाठ तीन एन येतात, दोन अनुस्वाराचे आणि एक 'नि'चा. शेवटचा 'वा' मात्र 'हा' म्हणून टाइप करायचा, कारण लिहिताना अक्षर 'हा'चंच असतं. 'किनेन' म्हणजे स्मरण आणि 'किन्एन' म्हणजे धूम्रपानबंदी. मधे एक एन जास्त पडला तर स्मारकाच्या पाटीवर भलतंच काहीतरी छापलं जाईल.

दुसरा टप्पा स्पेसबारचा, आणि आयएमईची खरी परीक्षा तिथे होते. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, तेव्हा शब्द कुठे तोडायचा हे प्रोग्रामने ठरवायचं. जुनं उदाहरण घ्या: 'क्योउहाइशानिइकु'. 'क्योउ हा' असं तोडलं तर 'आज डॉक्टरकडे जातोय', 'क्योउ' वरच थांबलं तर 'आज दातांच्या डॉक्टरकडे जातोय'. स्पेस दाबल्यावर ज्या तुकड्याखाली जाड रेघ दिसते, तो शिफ्ट धरून डाव्या बाणाने आखडता येतो आणि उजव्याने ताणता येतो. उरलेलं वाक्य आयएमई लगेच नव्याने जुळवतो. मग नुसत्या उजव्या बाणाने पुढच्या तुकड्यावर जायचं, स्पेसने पर्याय बघायचे, शेवटी एंटर. बरेच जण हे न शिकता शब्दागणिक एंटर मारतात आणि वर 'चुकीची कांजी देतो' म्हणून कुरकुरतात. अख्खं वाक्य एकदम द्या, संदर्भ मिळाला की त्याचा अंदाज खूपच सुधारतो.

फंक्शन कीपैकी एफ7 आणि एफ10 तेवढ्या पाठ करा. एफ7ने टाइप केलेलं काताकानात, म्हणजे मुख्यतः परकीय शब्दांसाठीच्या अक्षरांत, जातं, एफ10ने साध्या इंग्रजीत परत येतं. वाचता न येणारी कांजी समोर आली तर आयएमई पॅड उघडून माऊसने ती काढायची. रेघा वेड्यावाकड्या असल्या तरी ओळखतो, आणि वर उच्चारही दाखवतो. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

मनस्ताप होतो तो रुंद अक्षरांचा. जपानी मोडमध्ये आकडे आणि स्पेससुद्धा दुप्पट रुंद पडू शकतात. डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही, फॉर्मला मात्र जाणवतो. एका जपानी संस्थेच्या ऑनलाइन फॉर्मला नाव रुंद काताकानात हवं होतं आणि फोन नंबर अरुंद आकड्यांत. चूक नेमकी कुठे झाली ते सांगायची तसदी त्याने घेतली नाही. सेटिंग्जमध्ये स्पेस कायमचा अरुंद करून ठेवा, निम्मी डोकेदुखी जाईल.

दुसरे पर्याय? गूगल जपानीज इनपुट हाही फुकट आहे. त्याचा शब्दकोश इंटरनेटवरच्या मजकुरातून बनलाय, म्हणून विशेषनामं आणि नवे बोलीतले शब्द त्याला चटकन सुचतात. लिनक्सवर त्याचंच मुक्त रूप, मोझ्क, मिळतं. तो मोठा शब्दकोश त्यात नसतो, पण रोजच्या कामाला चालतं. जस्टसिस्टम्सचं एटॉक पैसे मोजून घ्यावं लागतं. दिवसभर जपानीच लिहिणाऱ्याने त्याचा विचार करावा, शिकणाऱ्याने नको. 1978 साली तोशिबाने जेडब्ल्यू-10 हे कांजी करून देणारं यंत्र जाहीर केलं तेव्हा त्याची किंमत 63 लाख येन होती, त्या मानाने आपलं बरंच बरं चाललंय.

घरात कॉम्प्युटर एकच असेल तर 'प्रायव्हेट मोड' माहीत असू द्या, त्यात टाइप केलेलं लक्षात ठेवलं जात नाही. एरवी आधी टाइप केलेलं आयएमई लक्षात ठेवतो आणि पहिल्या दोन अक्षरांवरच अख्खं वाक्य सुचवतो, मग खुर्चीवर कुणीही बसलेलं असो. कामाच्या पत्रांना हीच सवय उपयोगी पडते. टास्कबारवरच्या 'आ'वर राइट क्लिक करून 'अ‍ॅड वर्ड' घ्या आणि 'ओसे' एवढ्यावर 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' जोडून टाका. जपानी ऑफिसातल्या बहुतेक ईमेलची सुरुवात त्यानेच होते.