ओएसक्यूपी सॉल्व्हर: सहा मोटरच्या ड्रोनवर चार महिने वापरून

हेक्साकॉप्टरवर एमपीसी, म्हणजे मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, चालवायचं असेल तर पैसे घालवायच्या आधी हा सॉल्व्हर, म्हणजे त्यातलं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, वापरून बघा. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेला, अपाचे २.० लायसन्सवर फुकट. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

माझी फ्रेम चेंबूरच्या खोलीत छताला दोरीने बांधलेली, मोटर लॅमिंग्टन रोडवरून एक एक करत आणल्या. सांभाळायच्या गोष्टी चारच, उचल, रोल (डावी-उजवीकडे कलणं), पिच (पुढे-मागे कलणं) आणि यॉ (स्वतःभोवती फिरणं), पण मोटर सहा, त्यामुळे एकच काम अगणित प्रकारे वाटून देता येतं. आधी मी स्यूडोइन्व्हर्सने, म्हणजे मोटरची मर्यादा न बघणाऱ्या एका ठरलेल्या मॅट्रिक्स सूत्राने, वाटणी करायचो आणि जी मोटर मर्यादेच्या वर जाईल तिला तिथेच कापायचो. पण एकीला कापलं की बाकीच्यांचा हिशोबच चुकतो, रोलसाठी मागितलेला जोर यॉमध्ये जातो आणि फ्रेम भोवऱ्यासारखी फिरते. एमपीसीत मोटरची मर्यादा गणितातच असते. दर २० मिलिसेकंदाला पुढच्या २० पावलांचा प्लॅन करायचा, पहिलंच पाऊल वापरायचं, मग परत नवीन.

दर वेळी सोडवायचा तो क्वाड्रॅटिक प्रोग्रॅम, म्हणजे मर्यादा पाळून वर्गातली चूक कमीत कमी करायचं गणित, ओएसक्यूपी सोडवतो, मागच्या उत्तरापासून सुरुवात करतो म्हणून पटकन होतं, आणि सी कोड जनरेट करून बोर्डावर टाकता येतो ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट.

सांभाळायचं काय तर अचूकता, डिफॉल्ट टॉलरन्स, म्हणजे उत्तरात चालवून घेतलेली चूक, ०.००१ आहे. मी मोटरचा वेग आरपीएममध्ये आणि कोन रेडियनमध्ये दिला होता, तेव्हा उत्तरं डुगडुगायची, सगळं ० ते १ मध्ये आणलं आणि शांत झालं. आणि स्टेटस, म्हणजे गणित खरंच सुटलं की नाही हे सॉल्व्हर सांगतो ते, तपासल्याशिवाय उत्तर मोटरला देऊ नका प्लीज!

एका रात्री तिसऱ्या मोटरची वायर काढून तिची वरची मर्यादा शून्य केली. मी चारही टार्गेट शेवटच्या पावलाला सक्तीची ठेवली होती, लगेच 'प्रायमल इनफिझिबल', म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही, असं आलं. कागदावर मांडून बघितलं तर बरोबरच होतं, मोटर आलटून पालटून उलट सुलट फिरणाऱ्या असतील आणि एक गेली तर सरळ तरंगायला समोरचीही शून्यावर यावी लागते, मग एका बाजूला जोर लावायची सोयच राहत नाही. यॉची सक्ती काढून गणितातलं तिचं महत्त्व (वेट) कमी केलं. फ्रेम हळूहळू स्वतःभोवती फिरत राहिली, पण तिच्यावर चिकटवलेल्या पाणसळीतला बुडबुडा गोलाच्या आतच होता. खूप वेळ बघत बसलो होतो.

मॉडेल नॉनलिनियर असेल तर हा एकटा पुरणार नाही, दर पावलाला लिनियराइज करावं लागेल, म्हणजे त्या जागेपुरतं सरळ रेषेचं मॉडेल बनवावं लागेल, नाहीतर अकाडोस या नॉनलिनियर एमपीसीच्या सॉफ्टवेअरकडे जा. बाकी पायथनमध्ये पिपने टाका, आधी सिम्युलेशनमध्ये एकेक मोटर बंद करून बघा, मगच पंखे लावा.