बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: इंजिनवेड्यांनी चुकवू नये

डिझेल इंजिनं खोलण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे गोव्यातल्या दाबोळी विमानतळाजवळच्या या संग्रहालयात माझा पाय निघेना. 1998 पासून नौदलाची निवृत्त विमानं इथे उघड्यावर मांडलेली आहेत, अगदी जवळून बघता येतात.

सी हॅरियरपाशी सर्वात जास्त रेंगाळलो. बाजूला चार फिरते नॉझल. पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनांतून जळालेला गरम वायू. चारही खाली वळवले की विमान जागच्या जागी उचललं जातं. भाच्याला तिथंच उभं करून सगळं समजावलं, तर शेजारचं एक कुटुंबही ऐकत थांबलं! 2016 मध्ये ही विमानं सेवेतून गेली, याची हळहळ वाटते.

सी हॉक आणि अलिझे ही 1971 च्या युद्धात ‘विक्रांत’वरून उडालेली जात. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख दुमडणारे. तो सांधा नीट बघाच. तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, नंतर नौदलासाठी समुद्रावर टेहळणी करायचं. चार पिस्टन इंजिनांचं एवढं देखणं धूड मी दुसरं पाहिलेलं नाही.

आतली दालनंही चांगली आहेत, पण खरा वेळ बाहेर द्या. सकाळीच जा, दुपारी ऊन फार लागतं. सोमवारी बंद असतं. मुलांना जरूर न्या.