टोनी हॉक: '१+२' घ्यावा, '३+४' घ्यावा, की सरळ 'स्केट'कडे वळावं?

स्केटबोर्डचा एखादा गेम घ्यायचा आहे, टोनी हॉकचं नाव ऐकून आहात, पण इतक्या भागांतून नेमका कोणता उचलायचा ते कळत नाही, तर उत्तर आधीच देते. पहिल्यांदा खेळणार असाल तर २०२० चा 'प्रो स्केटर १+२' घ्या, म्हणजे पहिल्या दोन भागांची एकत्र नवी आवृत्ती. तो संपवून हात शिवशिवत राहिले तर तिसऱ्या-चौथ्या भागांचा तसाच २०२५ चा '३+४', तोही सेल लागल्यावर. टोनी हॉकची धावपळ नको, निवांत बोर्ड चालवायचा असेल तर 'स्केट' ही दुसऱ्या कंपनीची मालिका. मधल्या काळातल्या भागांपैकी फक्त 'अंडरग्राउंड' शोधून खेळण्यासारखा आहे.

हे असं का, ते कळायला ही मालिका मुळात कशावर उभी होती ते बघायला हवं.

पहिला 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' १९९९ च्या सप्टेंबरात प्लेस्टेशनवर आला. त्याच वर्षी जूनमध्ये हॉकने एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत हवेत अडीच फेऱ्या घेणारी '९००' ही उडी पूर्ण केली होती, त्यामुळे नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. पण गेम चालला तो नेव्हरसॉफ्ट या स्टुडिओच्या मांडणीमुळे. तुम्हाला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्या जागेत विखुरलेली एस-के-ए-टी-ई ही अक्षरं गोळा करायची, ठरलेला स्कोअर गाठायचा, लपवलेली व्हिडिओ टेप शोधायची. वेळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. राहिलेलं काम पुढच्या फेरीत करायचं.

दुसऱ्या भागात, २००० साली, 'मॅन्युअल' आला: वर-खाली असं पटकन दाबलं की स्केटर मागच्या चाकांवर तोल सांभाळत पुढे जातो. हे छोटंसं वाटतं, पण सगळा गेम याने बदलला. एक रेलिंग घासून उतरलात, की मॅन्युअल करत पुढच्या बाकापर्यंत जायचं, तिथून पुन्हा उडी. साखळी तुटत नाही. गुणांचा हिशेब असा, की साखळीतल्या सगळ्या ट्रिक्सच्या गुणांची बेरीज करून तिला ट्रिक्सच्या संख्येने गुणायचं. बेरीज ३,००० आणि ट्रिक्स सहा, तर १८,०००. आणखी एक जमवली तर उडी थेट २१,००० च्या पुढे. पण ती सातवी जमवताना पडलात तर हाती शून्य. थांबावं की अजून एक घ्यावी, हा निर्णय दर काही सेकंदांनी घ्यावा लागतो, आणि वर घड्याळ पळत असतं. या गेमचा सगळा जीव तिथे आहे. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर दुसऱ्या भागाच्या प्लेस्टेशन आवृत्तीला १०० पैकी ९८ गुण आहेत, आणि मला ते जराही जास्त वाटत नाहीत.

२००१ च्या तिसऱ्या भागात 'रिव्हर्ट' आला. रॅम्पवर उतरताना खांद्याचं बटण दाबायचं, बोर्ड गर्रकन वळतो आणि साखळी जमिनीवर चालू राहते. आता रॅम्प, जमीन, रेलिंग, सगळं एका दमात जोडता येऊ लागलं. माझ्या मते मालिकेचं शिखर इथेच. चौथ्यापासून उतार सुरू झाला, जरी तेव्हा तो कुणाला फारसा दिसला नाही. २००२ मध्ये ती दोन मिनिटं काढून टाकली. मोकळं हिंडायचं, लोकांशी बोलायचं, त्यांनी दिलेलं काम करायचं. २००३ च्या 'अंडरग्राउंड'मध्ये बोर्डवरून उतरून चालता येऊ लागलं आणि एक कथाही आली. पुढच्या वर्षी टीव्हीवरच्या आचरट स्टंटबाजीची छाप असलेला दुसरा 'अंडरग्राउंड', २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये घडणारा 'अमेरिकन वेस्टलँड', मग 'प्रोजेक्ट ८', मग २००७ चा 'प्रुव्हिंग ग्राउंड'. नऊ वर्षांत नऊ मोठे गेम, सगळे एकाच स्टुडिओचे. दरवर्षी काहीतरी नवं दाखवायलाच हवं, म्हणून वर थर चढत गेले आणि खालचं घड्याळ, ती धाकधूक, दिसेनाशी झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ईए या दुसऱ्या कंपनीने 'स्केट' काढला आणि नेव्हरसॉफ्टचा थकवा उघडा पडला. शिवाय तोवर मालिकेची मालक कंपनी ॲक्टिव्हिजनने नेव्हरसॉफ्टला 'गिटार हिरो' या संगीताच्या गेमच्या कामाला लावलं होतं. 'प्रुव्हिंग ग्राउंड' हा त्यांचा शेवटचा टोनी हॉक ठरला. मालिका रोबोमोडो या नव्या स्टुडिओकडे गेली आणि २००९ मध्ये 'राइड' आला: १२० डॉलरचा गेम, सोबत बिनचाकांचा प्लॅस्टिकचा बोर्ड, त्यावर उभं राहून खेळायचं. बोर्डच्या कडेचे सेन्सर पाय किंवा हात जवळ आल्याचं ओळखणार, म्हणजे ओळखलं तर. ज्या गेमची सगळी गंमत अंगठ्यांच्या अचूकतेत होती, त्यातून अंगठेच काढून घेतले. मला आजही याचं वाईट वाटतं. इतका चुकीचा निर्णय कुणा परक्याने नव्हे, मालकानेच घेतला.

२०१५ चा 'प्रो स्केटर ५' तर घाईघाईत उरकलेलं काम होतं. त्यात दोन मिनिटांची आठवण होती, जुन्या जागांची नक्कल होती, पण स्केटर जमिनीतून आरपार जायचा आणि पहिल्याच दिवशी डाउनलोड करायचा पॅच डिस्कवरच्या मजकुरापेक्षा मोठा होता. सेकंडहँड दुकानात स्वस्त दिसला तरी हात लावू नका.

आता दोन खरे उमेदवार.

'१+२' व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने बनवला, ४० डॉलरला विकला, आणि मालिकेतला सर्वांत वेगाने दहा लाखांचा टप्पा गाठणारा गेम तोच ठरला. त्यांनी पहिल्या दोन भागांच्या जागा जशाच्या तशा ठेवल्या. पहिल्याच 'वेअरहाऊस' या जागेत आजही उतारावरून घसरत जाऊन काच फोडावी लागते आणि पाच खोकी शोधून मोडावी लागतात. फक्त मॅन्युअल, रिव्हर्ट यांसारख्या नंतर आलेल्या चाली सगळीकडे उपलब्ध करून दिल्या, आणि ज्याला जुन्या नियमांनी खेळायचंय त्याला त्या सेटिंगमधून बंद करता येतात. एक गोष्ट मला फार भावली: स्केटर आजच्या वयाचे आहेत. १९९९ मध्ये तिशीतला असलेला हॉक इथे पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेला दिसतो, आणि शेजारी लिझी आर्मांटो, आओरी निशिमुरा अशी पुढची पिढी. नवख्याला शिकवणारा भाग व्यवस्थित आहे. घरातल्या दोघांना एकाच स्क्रीनवर खेळता येतो.

इतकं यश मिळूनही पुढच्याच जानेवारीत व्हिकेरियस व्हिजन्स हा स्टुडिओ ब्लिझार्ड या दुसऱ्या स्टुडिओमध्ये विलीन झाल्याची घोषणा झाली. तिसऱ्या-चौथ्या भागाचा बेत ठरला होता, तो त्यामुळे बारगळला, हे हॉकने स्वतः २०२२ मध्ये सांगितलं. शेवटी '३+४' जुलै २०२५ मध्ये आयर्न गॅलेक्सी या स्टुडिओकडून आला, ५० डॉलरला.

यातला '३' उत्तम आहे. फाउंड्री, एअरपोर्ट, टोकियो या जागा रिव्हर्ट डोक्यात ठेवून आखल्या होत्या आणि ते खेळताना जाणवतं, एकेक साखळी जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेता येते. '४'चं मात्र बिनसलंय. मूळ चौथा भाग मोकळं हिंडण्यासाठी बनला होता, इथे त्यालाही दोन मिनिटांत कोंबलंय. आता तुम्ही म्हणाल, दोन मिनिटं गेली म्हणूनच मालिका घसरली म्हणता, मग ती परत आली तर तक्रार कसली? तक्रार अशी, की वेअरहाऊस दोन मिनिटांच्या मापाने बांधलं होतं आणि '४'मधलं अल्काट्राझ नाही. तिथे एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचण्यातच वेळ जातो. सेटिंगमध्ये वेळ वाढवता येते, ती पहिल्याच दिवशी वाढवून टाका. कार्निव्हल आणि शिकागो या दोन जागा गायबच आहेत, प्राणिसंग्रहालय आहे पण मूळ करामती गेल्या आणि तिथे आता फक्त स्पर्धा होते. गाण्यांतही जुनी फार थोडी उरली. तुम्ही मूळ '४' कधी खेळलाच नसाल तर यातलं बरंचसं खटकणार नाही. खेळला असाल तर खटकेल.

हात बसण्याच्या दृष्टीनेही '१+२' आधी घेणं बरं. '३' तुम्हाला रिव्हर्ट येतो असं गृहीत धरून चालतो.

'स्केट'चं गणित वेगळं. इथे ट्रिकसाठी बटण नाही, उजवी स्टिक खाली ओढून वर झटकली की उडी. कोन जरा चुकला की भलतीच ट्रिक होते. एका जिन्यावर तासभर घालवून एक साधी किकफ्लिप स्वच्छ जमली की जो आनंद होतो तो टोनी हॉकमध्ये नाही, आणि लाखांची साखळी वाचवण्याची धडधड 'स्केट'मध्ये नाही. २०१० चा 'स्केट ३' आजच्या एक्सबॉक्सवरही चालतो आणि मी तोच सुचवेन. सप्टेंबर २०२५ पासूनचा नवा 'स्केट' फुकट आहे, पण अजून अर्धवट अवस्थेत, इंटरनेटशिवाय उघडत नाही आणि कपडे-बूट विकत घ्या म्हणून मागे लागतो. फुकट आहे, तर स्टिकची सवय करून बघायला ठीक.

राहिला 'अंडरग्राउंड'. न्यू जर्सीतला एक मुलगा, हवाईत हेलिकॉप्टर ओलांडून मारलेली उडी, आणि तिचं श्रेय लाटणारा मित्र एरिक स्पॅरो. कथा साधी आहे, पण एरिकचा राग अनेकांच्या मनात अजून ताजा आहे. याची नवी आवृत्ती नाही, प्लेस्टेशन २ (पीएस२) सारखा त्या काळचा कन्सोल आणि जुनी डिस्क लागेल. आपल्याकडे पीएस२ बरीच वर्षं विकला गेला, तेव्हा ओळखीत कुणाच्या तरी माळ्यावर सापडेलही. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी 'अंडरग्राउंड २'ची पीसी प्रत मिळते का बघावं. तिच्यावर चाहत्यांनी बनवलेला 'थग प्रो' हा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारा संच, चढवता येतो आणि त्यात जुन्या भागांतल्या बहुतेक जागा एकत्र खेळता येतात, वरच्या दोन गायब जागांसकट.